कापसाचा सुकाळ आणि त्याचा हिशेब

परदेशी व्यापारानें देश संपन्न होतो कीं कंगाल, हा वाद आपल्याकडे जुना आहे. एका पक्षाच्या मतें निर्यात वाढली कीं लक्ष्मी आपण होऊन घरीं येते. दुसऱ्याच्या मतें परकी पेठ म्हणजे केवळ लुटीचें द्वार. आम्हांस दोन्ही मतें अपुरीं वाटतात. व्यापारानें पैसा येतो हें खरें. परंतु तो कोठें मुरतो, यावरच देशाची वाढ अवलंबून असते. मुंबई इलाख्याचा १८६१ नंतरचा इतिहास याची उत्तम साक्ष देतो.

१८६१ च्या एप्रिलांत अमेरिकेंत यादवी पेटली व दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली. लँकेशायरच्या गिरण्या तोंवर मुख्यतः अमेरिकन कापसावर चालत. त्यांना हिंदुस्थानच्या आंखूड धाग्याच्या कापसाकडे वळावें लागलें. भाव कित्येक पटींनीं चढले. खानदेश, वऱ्हाड, गुजराथ येथील गासड्या मुंबईच्या धक्क्यावर येऊन पडूं लागल्या, आणि त्यांच्या मोबदल्यांत पैशाचा लोंढा शहरांत शिरला. तो मुरला कोठें? बहुतेक सट्ट्यांत. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या बॅकबे कंपनीचा पांच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरांत गेला. १८६५ च्या एप्रिलांत युद्ध संपत आलें, भाव कोसळले, आणि १ जुलै या वायदे चुकते करण्याच्या दिवशीं पेढ्यांमागून पेढ्यांचीं दिवाळीं वाजलीं. खुद्द बँक ऑफ बाँबे १८६८ त गुंडाळावी लागली.

पुणें व नगर जिल्ह्यांत कापूस थोडाच पिके. तरी तेजीचें वारें तेथेंही पोंचलें. धान्याचे भाव वाढले, लोहमार्गाच्या कामावर मजुरी मिळाली, आणि सावकार सढळ हातानें कर्ज देऊं लागला. तेजी ओसरतांच त्यानें हात आंखडला. तशांत तीस वर्षांची जुनी जमाबंदी संपून, १८६७ त इंदापुरापासून आरंभ करून, सरकारनें सारा वाढविला. अखेर १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें कुणब्यांनीं सावकारांचीं घरें फोडून कर्जरोखे जाळले. त्यांचा रोष मुख्यतः त्या कागदांवर होता. कारण त्यांतच त्यांच्या जमिनी अडकल्या होत्या. सरकारासही १८७९ त शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला.

याच काळांत दुसरीही एक गोष्ट घडत होती. कावसजी दावर यांनीं १८५४ त मुंबईंत कापडगिरणीचा पाया घातला होता. जमशेटजी टाटा यांनीं १८७७ त नागपुरास, कापसाच्या अगदीं दारांत, एम्प्रेस मिल सुरू केली. सट्ट्यांतला पैसा वाहून गेला. यंत्रांत व कसबांत घातलेला टिकला. पण त्या रोपट्यालाही सरकारी धोरणाचा पाला पडला: १८९६ पासून देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी बसली, ती १९२६ पर्यंत पुरती उठली नाहीं.

यावरून आम्ही इतकेंच म्हणतों कीं, व्यापार हा पाऊस आहे. शेताला बांध नसेल तर तो मातीही घेऊन जातो. बांध म्हणजे स्वस्त पतपुरवठा, हलका सारा, स्वतःचे उद्योग आणि जकातीवर स्वतःची सत्ता. १९७० नंतरच्या दशकांत तांब्याचा भाव उतरतांच झांबियाची जी गत झाली, तिनें हेंच पुन्हा दाखविलें. तेजीच्या नफ्यांत ज्याची पाळी शेवटची, मंदीच्या तोट्यांत ज्याची पहिली, त्या माणसाचें काय झालें हें पाहिल्यावांचून निर्यातीच्या आंकड्यांस वाढ म्हणूं नये.