माणूस की निषिद्ध माल?

अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात जे यादवी युद्ध झाले, त्याला काय म्हणावे याविषयीदेखील उत्तर आणि दक्षिण यांचे कधी एकमत झाले नाही. संघराज्याच्या सरकारी दप्तरात ते 'बंड' होते. दक्षिणेचे अभिमानी पुढे त्याला 'राज्याराज्यांमधील युद्ध' म्हणू लागले. १८५७ ला बंड म्हणावे की स्वातंत्र्यसमर, हा वाद ऐकत वाढलेल्या आपल्या पिढ्यांना याचे नवल वाटू नये. मात्र त्या युद्धातील काही शब्दांवर माणसांचे जगणेमरणे टांगलेले होते, म्हणून ते तपासून पाहावेत असे आम्हाला वाटते.

१९ एप्रिल १८६१ रोजी अध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची 'नाकेबंदी' जाहीर केली. आता, आपलीच बंदरे असतील तर ती 'बंद' करायची असतात. नाकेबंदी होते ती शत्रूच्या बंदरांची. बंडखोरांना स्वतंत्र राष्ट्र मानायचे नाही आणि कायदा मात्र राष्ट्राराष्ट्रांमधील युद्धाचा लावायचा, अशी ही कसरत होती. तिचे पडसाद थेट मुंबईत उमटले. दक्षिणेचा कापूस अडकला, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो फुगा फुटून अनेक पेढ्या बुडाल्या. पण तो विषय वेगळा.

आमचे लक्ष आहे ते 'काँट्राबँड', म्हणजे युद्धकाळातील निषिद्ध माल, या शब्दावर. व्हर्जिनियाने संघराज्यातून फुटून निघण्यावर २३ मे १८६१ रोजी मतदानाने शिक्कामोर्तब केले. त्याच रात्री फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाऊनसेंड हे तिघे गुलाम होडी वल्हवीत फोर्ट मन्रो या किल्ल्यावर आले. व्हर्जिनियाच्याच भूमीवर असलेला हा किल्ला संघराज्याच्या ताब्यात होता. पलीकडच्या तीरावर दक्षिणेच्या तोफांसाठी मोर्चा बांधण्याच्या कामाला त्यांना जुंपले होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मालकाच्या वतीने एक अधिकारी पांढरे निशाण घेऊन हजर झाला. १८५० च्या कायद्याप्रमाणे पळालेला गुलाम मालकाला परत करणे बंधनकारक होते.

किल्ल्याचे प्रमुख जनरल बेंजामिन बटलर हे पेशाने वकील. गुलामगिरीविरोधी चळवळीत त्यांचे नाव कधी घेतले जात नव्हते. त्यांनी उत्तर दिले ते वकिलाचेच. व्हर्जिनिया स्वतःला परका देश म्हणविते, तेव्हा अमेरिकेचा कायदा तिला कसा लागू होईल? मालकाने संघराज्याशी निष्ठेची शपथ घ्यावी आणि आपली माणसे घेऊन जावी. तोवर, शत्रूच्या युद्धकार्याला लावलेली मालमत्ता म्हणून हे तिघे निषिद्ध मालाप्रमाणे जप्त!

या युक्तिवादाचे मर्म 'मालमत्ता' या शब्दात आहे. चारच वर्षांपूर्वी, १८५७ मध्ये, ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गुलाम ही मालकाची मालमत्ता असून कृष्णवर्णीय माणूस नागरिक होऊच शकत नाही, असे ठरविले होते. तो निकाल लिहिणारे सरन्यायाधीश रॉजर टॉनी कॅथलिक होते आणि त्यांनी स्वतःचे गुलाम पूर्वीच मुक्त केले होते, ही गोष्ट आपल्याला अवघड वाटली तरी सांगितलीच पाहिजे. बटलर यांनी तोच शब्द उचलला आणि मालकांवरच उलटविला. मात्र ते तिघे माणसे आहेत, असे त्यांनी म्हटले नाही. तसे म्हटले असते तर कदाचित त्यांना परत करावे लागले असते.

बातमी वणव्यासारखी पसरली. काही दिवसांतच बायकामुलांसह कुटुंबेच्या कुटुंबे किल्ल्याच्या दाराशी आली, आणि वकिली बुद्धीची पंचाईत झाली. तान्हे मूल तोफांचे मोर्चे कुठे बांधते? बटलर यांनी वरिष्ठांना लिहिले की आईबापांची सेवा घ्यायची आणि लेकरांना नाकारायचे, हे कसे जमावे? लेकरेही राहिली.

ऑगस्ट १८६१ च्या जप्ती कायद्याने या युक्तिवादाला आधार दिला, पण कोणाला मुक्त म्हटले नाही. जुलै १८६२ च्या कायद्याने बंडखोरांच्या आश्रयार्थी गुलामांना 'युद्धातील बंदी' म्हणत कायमचे मुक्त केले. १ जानेवारी १८६३ चा मुक्तिजाहीरनामा फक्त बंडखोर प्रदेशापुरता होता. सर्व देशाला लागू होणारी तेरावी घटनादुरुस्ती आली ती डिसेंबर १८६५ मध्ये. तोवर 'माल' ठरलेल्या या लोकांनी छावण्यांत रोगराई सोसली, खंदक खणले, आणि मजुरी ठरूनही हाती फारच थोडी पडली, हेही पाहिले. तरी किल्ल्याजवळच्या हॅम्प्टन गावी १८६१ मध्येच मेरी पीक ही स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्री ओकच्या झाडाखाली त्यांच्या मुलांना शिकवू लागली होती. १६१९ मध्ये व्हर्जिनियातील पहिले आफ्रिकी बंदी उतरविले गेले, ते याच किल्ल्याच्या भूशिरावर.

१८७३ मध्ये महात्मा फुले यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केली, तेव्हा त्यांच्यासमोर या लढ्याची उजळ बाजू होती. वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन दफनभूमीत, सत्ताविसाव्या विभागात, त्या काळातील साडेतीन हजारांहून अधिक कृष्णवर्णीय स्त्रीपुरुष आणि मुले पुरलेली आहेत. छावण्यांत ज्यांना काँट्राबँड म्हटले जाई, असे कितीतरी त्यांत आहेत. त्यांच्या साध्या शिळांवर नावाखाली एकच शब्द कोरलेला दिसतो. काहींवर 'मुलकी', आणि काहींवर 'नागरिक'.