शाळेतील मुलांची सुरक्षितता, समान वागणूक आणि खासगी माहिती : सीमाभागातील पालकांसाठी

मुलाला वर्गात मारले, प्रवेश नाकारला किंवा घरची माहिती चारचौघांत गेली, तर शाळेत जाऊन बोलायला आपले पालक कमी करत नाहीत. अडते ते पुढे. लेखी अर्ज द्या म्हटले की कन्नडचा प्रश्न येतो आणि माणूस तोंडी सांगून घरी परततो. तोंडी तक्रारीची नोंद कुठेच राहत नाही. पिरनवाडी परिसरातील सभासदांकडून हीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकायला मिळते, म्हणून या विषयातील नियम येथे एकत्र देत आहोत.

सर्वांत आधी भाषेचे. राज्यघटनेच्या कलम 350 नुसार केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे मांडताना, केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत अर्ज देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. तेव्हा गटशिक्षणाधिकाऱ्यांना मराठीत अर्ज देणे ही कोणाची मेहेरबानी नव्हे. व्यवहाराचे म्हणाल तर सोबत कन्नड प्रत जोडलेली बरी, फाईल लवकर हलते. पण सही करायची ती आपल्याला वाचता येणाऱ्या कागदावरच. आमच्यापैकी काहींची उमर बँकेत गेली. न वाचलेल्या कागदावर सही करून बसलेले जामीनदार आम्ही पुष्कळ पाहिले. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नये.

अर्ज कोठे द्यायचा, यातही एक मेख आहे. बेळगाव हा महसुली जिल्हा एकच असला तरी शिक्षण खात्याने त्याचे बेळगाव आणि चिक्कोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे केले आहेत. पिरनवाडी बेळगावात येते, निपाणी चिक्कोडीत. निपाणीकडच्या पाहुण्यांचा अर्ज बेळगावच्या उपसंचालकांकडे देऊन उपयोग नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार केली, तर दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. तो मान्य नसेल तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते.

सुरक्षिततेचा विचार इमारतीपासून सुरू होतो. 2004 च्या जुलैमध्ये तमिळनाडूत कुंभकोणम येथील शाळेला आग लागून 94 मुले दगावली. त्यानंतरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये सांगितले की, शिक्षणाच्या हक्कातच सुरक्षित शाळेचा हक्क येतो. त्यामुळे गळके छप्पर, उघड्या विजेच्या तारा, अडगळीने बंद झालेला जिना याबद्दल विचारणे म्हणजे शाळेच्या कारभारात लुडबूड नव्हे. सरकारी शाळेत हे विचारण्याची जागा म्हणजे एसडीएमसी. कायद्याप्रमाणे शाळेच्या समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि एकूण सभासदांत निम्म्या महिला असाव्या लागतात. शिक्षण खात्याच्या उतरंडीत पालकांचे बहुमत असलेली जागा हीच. पण अनेक ठिकाणी सभेचे इतिवृत्त सह्यांपुरते फिरते.

छडी मारणे आणि मानसिक छळ करणे या दोन्हींना 2010 च्या एप्रिलपासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने बंदी आहे. असे करणाऱ्या शिक्षकावर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होते. ‘आम्हीही मार खाऊनच शिकलो’ असे म्हणणारे आजोबा आपल्याकडे घरोघरी आहेत. त्यांचा मान राखून सांगतो, कायदा त्यांच्या बाजूने नाही.

लैंगिक अत्याचाराबाबतचा पोक्सो कायदा 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू आहे. असा प्रकार कळल्यावर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. ‘शाळेचे नाव खराब होईल, आपसात मिटवू’ असे सांगणारा पंच स्वतःच गुन्ह्यात अडकतो. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेश न घालता. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे, नोंदीची भाषा मुलाला समजत नसेल तर दुभाषी देण्याची तरतूद कलम 19 मध्येच आहे. मराठी बोलणाऱ्या लेकराचे म्हणणे कन्नडमध्ये अंदाजाने लिहून घेतले जात असेल, तर पालकांनी तेथेच दुभाषी मागावा. तातडीच्या मदतीसाठी 1098 हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालतो.

समान वागणुकीबाबत राज्यघटनेचे कलम 29(2) लक्षात ठेवावे. सरकारी किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा यावरून प्रवेश नाकारता येत नाही. चंदगडकडून या बाजूला राहायला आलेल्या कुटुंबांना दाखल्यासाठी अडवले जाते. आठवीपर्यंत सरकारी किंवा अनुदानित शाळेत येणाऱ्या मुलाला, ते दुसऱ्या राज्यातून आले असले तरी, टीसी उशिरा आली म्हणून प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही. वयाचा दाखला नसणे हेही कारण चालत नाही.

कर्नाटकात 2015 च्या कायद्याने कन्नड हा विषय शिकणे सर्व शाळांना लागू केले आहे, आणि येथे राहायचे तर आपल्या मुलांना कन्नड चांगले यायलाच हवे, असे आम्हाला वाटते. पण मधल्या सुट्टीत मराठी बोलल्याबद्दल मुलाला उभे करणे, दंड लावणे ही वेगळी गोष्ट. आमच्या मते तो मानसिक छळच. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे कलम 350-क राज्याला सांगते. त्यामागे 1949 पासूनचे सूत्र आहे, वर्गात 10 किंवा शाळेत 40 मुले असल्यास त्या भाषेचा शिक्षक द्यावा. पटसंख्या घसरलेल्या मराठी शाळांच्या पालकांनी हे आकडे ध्यानात ठेवावेत.

एक गोष्ट मात्र अनेकांना ठाऊक नसते. आपल्या काही मराठी संस्थांना भाषिक अल्पसंख्याक दर्जा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालाप्रमाणे अशा शाळांना शिक्षण हक्क कायदा लागू होत नाही. तेव्हा वर सांगितलेली कलम 17 व 32 ची वाट तेथे चालेलच असे नाही. पोक्सो लागू आहेच, आणि शाळा अनुदानित असेल तर कलम 29(2) सुद्धा. शाळा आपली म्हणून प्रश्न विचारायचा नाही, हे आम्हाला पटत नाही.

राहिली खासगी माहिती. बँकेत सख्ख्या भावालासुद्धा खात्यातली शिल्लक सांगत नाहीत. शाळेत मात्र जात, उत्पन्न, मोबाईल क्रमांक यांसह शिष्यवृत्तीची यादी फळ्यावर लागते आणि पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर फिरते. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितले. आधार नाही म्हणून शाळाप्रवेश अडवता येणार नाही, हे 2018 मध्ये. 2023 च्या डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक धरली आहे. अत्याचार झालेल्या किंवा पोलीस प्रकरणात आलेल्या मुलाचे नाव, फोटो, शाळा, पत्ता प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. ‘सावध राहा’ म्हणून असा फोटो पुढे पाठवणाराही त्यात सापडू शकतो.

सध्या शाळांतून ‘अपार’ क्रमांकासाठी संमतीपत्र येते. या 12 अंकी ओळख क्रमांकासाठी मुलाची माहिती आधारशी जोडली जाते. संमती ऐच्छिक आहे. पत्र कन्नडमध्ये असेल तर मुलाच्या हाती लगेच सही करून न देता जाणकाराकडून वाचून घ्यावे. सही करायची नसल्यास तसे लिहून द्यावे आणि पोच घ्यावी. एकदा दिलेली संमती नंतर मागेही घेता येते.