काचेआडचा समुद्र आणि सोलापूरचे पाणी

सोलापूरहून रत्नागिरी–नागपूर महामार्गाने सांगोला, मिरज, कोल्हापूर ओलांडून आंबा घाट उतरला की रत्नागिरीचा समुद्र दिसतो, आणि हे अंतर तीनशे किलोमीटरांहून बरेच अधिक भरते. खुद्द सोलापूर शहराचा इतिहास गोड्या पाण्याच्या टंचाईशी बांधलेला आहे. बाराव्या शतकात शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी तलाव खोदवला, १८७१ च्या सुमारास इंग्रजी अमदानीत शहराजवळ हिप्परग्याचा एकरुख तलाव बांधून झाला, आणि १९८० साली भीमेवर उजनीचे धरण पूर्ण झाल्यावर शंभर किलोमीटरांवरून नळाने पाणी येऊ लागले. तरीही नळाला काही दिवसांआड पाणी येणे ही येथील घरांची जुनी सवय आहे. अशा गावात खाऱ्या पाण्याची मोठी टाकी उभारून तीत जिवंत प्रवाळ वाढवण्याची कल्पना प्रथमदर्शनी विक्षिप्त वाटेल. मात्र समुद्री मत्स्यालयाचा पाया घालणारे प्रयोग ज्यांनी केले, त्यांतील बऱ्याच जणांच्या दाराशीही समुद्र नव्हता, आणि पाणी दुरून आणावे लागे म्हणूनच ते टिकवण्याची विद्या त्यांना शोधून काढावी लागली.

प्रवाळ हा दिसायला दगड किंवा झुडूप असला तरी तो प्राणी आहे. जेलीफिश आणि समुद्रफुलाच्या कुळातील हे सूक्ष्म जीव वसाहत करून राहतात, समुद्राच्या पाण्यातील कॅल्शियम व कार्बोनेट घेऊन स्वतःभोवती चुन्याचा सांगाडा रचतात, आणि असे सांगाडे पिढ्यान्‌पिढ्या एकावर एक चढत गेले की प्रवाळभित्ती तयार होते. भित्ती रचणाऱ्या बहुतेक प्रवाळांच्या शरीरात एकपेशीय शैवाल वस्तीला असते, जे सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून यजमानाला पोसते. म्हणून या प्राण्याला झाडाइतकाच उजेड लागतो, पाणी नितळ लागते, आणि तापमान साधारण २४ ते २७ अंश सेल्सिअसच्या आसपास स्थिर लागते. सराफाच्या पेढीवर अंगठीत बसवले जाणारे तांबडे पोवळे भूमध्य समुद्राच्या खोल, अंधाऱ्या पाण्यातील निराळ्या प्रवाळाचे असते आणि ते भित्ती रचत नाही. नवरत्नांमुळे प्रवाळ हा शब्द घरोघरी पोचला, प्राणी मात्र पोचला नाही.

इंग्लंडमधील ॲना थिन या बाईंनी १८४६ साली टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही कठीण प्रवाळ दगडी बरणीतून लंडनला नेले. पाणी बदलायला समुद्र जवळ नसल्याने त्यांची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीशी उभी राहून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओतत असे, जेणेकरून हवेतील प्राणवायू त्यात मिसळावा. पुढे बाईंनी त्यात समुद्री शैवाल ठेवले आणि प्रवाळ जगले. या प्रयोगाचे श्रेय इतिहासात मालकिणीच्या नावावर जमा झाले असले, तरी रोजचे श्रम ज्या मोलकरणीचे होते तिचे काम आज विजेचा पंप करतो, हे नमूद करण्याजोगे आहे. १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने गोड्या पाण्यातील मासे, वनस्पती आणि गोगलगायी यांचा परस्परांना पूरक असा समतोल मांडला, १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातील पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, आणि त्याच्या पुढल्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस या निसर्ग-अभ्यासकाने खाण्याचे मीठ व मॅग्नेशियम-पोटॅशियमचे क्षार यांपासून समुद्राचे पाणी घरीच बनवण्याची कृती प्रसिद्ध केली.

मोठ्या मत्स्यालयाच्या दृष्टीने त्यांपैकी कोणापेक्षाही महत्त्वाचा माणूस म्हणजे विल्यम ऑल्फर्ड लॉइड. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली त्याने उभारलेले मत्स्यालय समुद्रापासून दूर होते आणि त्याचे पाणी ब्रायटनहून आगगाडीने आणले गेले. लॉइडची कल्पना अशी की, प्रेक्षकांना दिसणाऱ्या टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा हौद तळघरात, अंधारात व गारव्यात ठेवावा, आणि पंपाने पाणी अखंड वर चढवून पुन्हा खाली पडू द्यावे, म्हणजे वर एखादा मासा मेला तरी त्याचे विष मोठ्या साठ्यात विरून जाते, अंधारामुळे शेवाळ माजत नाही आणि पडताना पाणी हवा घेते. आजच्या प्रत्येक प्रवाळ-टाकीखाली कपाटात दडवलेली जी दुसरी टाकी असते आणि जिला या व्यवसायात ‘संप’ म्हणतात, ती लॉइडच्या हौदाचीच वंशज होय. सोलापुरात जुन्या वाड्यांपासून नव्या बंगल्यांपर्यंत अंगणाखाली पाण्याचा हौद बांधण्याची जी रीत आहे, ती पाहिलेल्या माणसाला लॉइडचे शहाणपण वेगळे समजावून सांगावे लागू नये.

पाणी शुद्ध का होत होते, याचे खरे कारण लॉइडला ठाऊक असणे शक्य नव्हते. माशांच्या मलमूत्रातून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया सुटतो, जो थोड्या प्रमाणातही मारक असतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचे बऱ्याच सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात, आणि हा उलगडा सेर्गेई विनोग्राड्‌स्की या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास केला. हे जिवाणू वाळूच्या कणांवर आणि खडकांच्या छिद्रांत वस्ती करतात व ती वस्ती बसायला काही आठवडे लागतात, म्हणून नवी टाकी भरल्याबरोबर तीत मासे सोडणे हा या छंदातील सर्वांत जुना आणि अजूनही सर्वांत महागात पडणारा उतावळेपणा आहे.

भारतात हे शास्त्र किनाऱ्यावरच उतरले. मद्रासचे सागरी मत्स्यालय १९०९ साली सुरू झाले आणि दुसऱ्या महायुद्धात जपानी हल्ल्याच्या भीतीने बंद पडले. महाराष्ट्रात तारापोरवाला मत्स्यालय हे या विषयातील मुख्य नाव: मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुमारे ८ लाख रुपये खर्चून ते बांधले गेले, डी. बी. तारापोरवाला या पारशी दानशूराने त्यासाठी २ लाखांची देणगी दिली, आणि उद्‌घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. कारभार राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाकडे राहिला, आणि देशावरच्या कित्येक शाळांच्या मुंबई सहलीत राणीच्या बागेबरोबर त्याची फेरी ठरलेली असे. समुद्र कधीच न पाहिलेल्या मुलांनी समुद्रातला मासा काचेआड आधी पाहिला आणि चौपाटी नंतर, असेही घडत असे. कोकणात रत्नागिरीजवळ झाडगाव येथील सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय आकाराने लहान असले, तरी ते संशोधनाच्या अंगाने चालणारे आहे आणि तेथील देवमाशाचा सांगाडा पर्यटकांच्या परिचयाचा आहे.

तारापोरवालाचे नूतनीकरण होऊन ते २०१५ साली पुन्हा उघडले, तेव्हा १२ फूट लांबीचा, डोक्यावरून कमानीसारखा वळणारा ॲक्रिलिकचा बोगदा हे त्याचे मुख्य आकर्षण ठरले. ॲक्रिलिक म्हणजे काचेसारखे पारदर्शक, पण काचेहून हलके आणि उष्णतेने वाकवता येणारे प्लास्टिक. अशा वक्र बोगद्याची प्रथा न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे केली टार्ल्टनच्या मत्स्यालयाने १९८५ साली रूढ केली. बोगद्याने गर्दी खेचली यात शंका नाही, परंतु प्रवाळपालनाच्या दृष्टीने त्याने फारसे काही साधत नाही, कारण तेथे सगळा भर माणसाने माशाखालून चालण्यावर असतो, तर प्रवाळाला वरून प्रखर उजेड आणि चहूबाजूंनी उलटसुलट प्रवाह हवा असतो. २०२० साली करोनाच्या साथीत तारापोरवालाचे दरवाजे बंद झाले.

मासे जगवणे आणि प्रवाळ वाढवणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत पुरते उमगले नव्हते. माशांच्या अंगावरील परजीवींवर तांब्याचा क्षार हे रामबाण औषध मानले जाई, आणि तेच तांबे अत्यल्प मात्रेतही प्रवाळाला व कोळंबीला मारते. त्यामुळे औषधोपचार झालेल्या टाकीत प्रवाळ तग धरत नसे. जकार्तातील ली चिन एंग याने १९६१ साली आपली पद्धत प्रसिद्ध केली, जिच्यात गाळणी जवळजवळ नव्हती. समुद्रातून आणलेले, सूक्ष्मजीवांनी भरलेले खडक आणि हवेचे सौम्य बुडबुडे यांवर सारा कारभार चाले. पुढे जर्मनीत या खडकांना प्रखर दिवे आणि प्रोटीन स्किमर यांची जोड मिळाली. स्किमर म्हणजे नळकांड्यात बारीक फेस उठवून पाण्यातील सेंद्रिय मळी त्या फेसाबरोबर वरच्या वाटीत काढून टाकणारे यंत्र. त्या वाटीत साचणारा काळपट, घाण वासाचा द्रव पाहिला की नितळ दिसणाऱ्या पाण्यात काय विरघळलेले असते याची खात्री पटते. वॉल्टर ॲडी यांनी अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेत शैवालाच्या गालिच्यावरून पाणी वाहवून ते शुद्ध करण्याचा मार्ग काढला, आणि त्याच मार्गावर ऑस्ट्रेलियातील टाउन्सव्हिल येथे १९८७ साली सुमारे २५ लाख लिटरांची, उघड्या आकाशाखालची जिवंत प्रवाळ-टाकी उभी राहिली.

सोलापुरात असे मत्स्यालय लहान प्रमाणावर, म्हणजे १०,००० लिटरांचे, उभे करायचे म्हटले तरी हिशेब जमिनीपासून सुरू होतो. नुसत्या पाण्याचेच वजन १० टनांच्या वर जाते, त्यात खडक, वाळू आणि जाड काच. आणि सोलापूरच्या बऱ्याच भागात वरची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया मुरमापर्यंत नेल्याशिवाय टाकी समतल राहत नाही, आणि टाकी किंचितही कलली की ताण काचेच्या सांध्यावर येतो. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, तेव्हा पहिल्या भरणीलाच साडेतीनशे किलोंहून अधिक तयार समुद्री मीठ लागते; ते खाण्याचे मीठ नसून मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम ठरावीक प्रमाणात असलेले मिश्रण असते. विहिरीचे किंवा बोअरचे कठीण पाणी त्यासाठी चालत नाही, आरओ यंत्रातून काढलेलेच घ्यावे लागते, आणि हे यंत्र शुद्ध पाण्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी सहज टाकून देते. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात ते टाकाऊ पाणी फरशी धुण्याला आणि झाडांना वळवण्याची सोय आधीच करावी लागते. ती नसेल तर शेजाऱ्यांशी वाद ठरलेला.

त्याहून कठीण प्रश्न उन्हाळ्याचा. एप्रिल-मे महिन्यांत येथील पारा ४० अंशांच्या पुढे जातो, आणि पाण्याचे तापमान नेहमीच्या उन्हाळी पातळीपेक्षा दोन-एक अंशांनी वाढून काही आठवडे तसेच राहिले तर प्रवाळ आपल्या अंगातील शैवाल बाहेर टाकून पांढरे पडतात. १९९८ साली लक्षद्वीपच्या भित्तींवर हेच मोठ्या प्रमाणावर झाले. सोलापूरची कोरडी हवा यात काहीशी मदतीला येते, कारण पृष्ठभागावर पंखा सोडला की बाष्पीभवनाने पाणी बरेच थंड होते, जे मुंबईच्या दमट हवेत तितके साधत नाही. परंतु जे उडून जाते ते निव्वळ पाणी, क्षार टाकीतच राहतात, म्हणून रोजची घट खाऱ्या पाण्याने न भरता गोड्या शुद्ध पाण्यानेच भरावी लागते, आणि एवढे साधे सूत्र न कळल्याने खारटपणा चढत जाऊन टाक्या बसल्याची उदाहरणे या छंदात नेहमीची आहेत. पंखा जेथे पुरत नाही तेथे चिलर, आणि चिलर म्हटला की वीज गेल्यावर चालणारे जनित्र. कारण पंप काही तास बंद राहिला तर प्राणवायूअभावी आधी मोठे मासे मरतात आणि त्यांच्या कुजण्याने बाकीचे सारे.

खडक व प्रवाळ कोठून आणावेत, या प्रश्नाला भारतात कायद्याची बाजू आहे. २००१ साली भित्ती रचणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने, घातले गेले, आणि तेव्हापासून भारतीय समुद्रातून त्यांचा तुकडा उचलणे हा गुन्हा आहे. महाराष्ट्राकडे प्रवाळ नाहीत असे नव्हे. १९८७ साली अधिसूचित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात ते आहेत, आणि विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरएक किलोमीटरांवर, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा बुडालेला उंचवटा आहे, ज्याच्या माथ्यावर सुमारे २० मीटर खोलीवर प्रवाळ वाढतात. मुंबईच्या गढूळ किनाऱ्यावरही ते तग धरून आहेत: किनारी रस्त्याच्या कामासाठी २०२० साली हाजी अली आणि वरळी येथून प्रवाळांच्या १८ वसाहती वन विभागाच्या परवानगीने हलवून दुसरीकडे बसवण्यात आल्या. समुद्रकाठच्या शहरात एक रस्ता बांधताना १८ वसाहतींसाठी एवढी परवानगी लागते, हे ध्यानात घेतले तर आतल्या गावातील टाकीसाठी भट्टीत भाजलेले किंवा सिमेंट-चुन्याचे सच्छिद्र कृत्रिम खडक वापरणे आणि जिवाणूंची वस्ती त्यांवर सावकाश वाढू देणे हाच मार्ग उरतो, मग त्या टाकीत पहिली काही वर्षे मासे, कोळंबी आणि चुनखडी शैवालाचा जांभळट थर एवढेच दिसले तरी.