नव्या बंदुकीत कारखान्यातील दोष निघाल्यास काय करावे? (जिल्हा झाशी)

परवान्यावर घेतलेल्या नव्या बारा बोअर बंदुकीचा चाप दाबूनही बार उडाला नाही, तर नळी मोकळ्या दिशेला धरून किमान एक मिनिट थांबा, मग काडतूस काढा. ती पुन्हा चालवून पाहू नका. गावातल्या लोहाराकडे तर मुळीच नेऊ नका. शस्त्र अधिनियम, 1959 नुसार दुरुस्ती करणाऱ्यालाही परवाना लागतो. शिवाय बाहेर उघडलेल्या बंदुकीतला दोष कारखान्याचाच होता, हे सिद्ध करणे जड जाते.

बिल व परवाना घेऊन विक्रेत्याकडे जा, तक्रार लेखी द्या आणि बंदूक जमा केल्याची क्रमांकासह पोच घ्या. बदली बंदूक मात्र मिक्सरसारखी हातोहात आणता येत नाही. तिचा क्रमांक परवान्यावर नोंदवावा लागतो, म्हणून जिल्हादंडाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र विभागात आधी विचारा.

विक्रेता दाद देत नसेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही तक्रार नोंदवता येते. तेवढ्याने न भागल्यास दोन वर्षांच्या आत झाशीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करा. दुकान कानपूरचे असले तरी, ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 प्रमाणे तुम्ही राहता तिथेच तक्रार चालते. खरेदी 5 लाख रुपयांपर्यंतची असल्यास शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. आयोगाने बंदूक प्रयोगशाळेत पाठवली, तर तपासणीचा खर्च आधी भरावा लागू शकतो.