कारवरील सजावटीची रेघ : घरच्या घरी, पण सावलीत

बीबी (जि. बुलडाणा) : मोटारीच्या दोन्ही बाजूंवरून धावणारी बारीक रंगीत रेघ ही मुळात घोडागाडीची देणगी. बग्गी रंगविणाऱ्या कारागिरांची ही कला पुढे मोटारींवर आली. रोल्स-रॉइसच्या मोटारींवर ती आजही ब्रशने, हातानेच ओढली जाते. सामान्य कारमालकासाठी मात्र रेडियमच्या दुकानात मिळणारी चिकट पट्टी हा सोपा पर्याय आहे.

मेहकर-सिंदखेडराजा मार्गावरील बीबी परिसरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. येथे पट्टी बिघडते ती बहुधा हात थरथरल्याने नव्हे, तर उन्हाने. तापलेल्या पत्र्यावर पट्टी टेकताच घट्ट चिकटते. उचलून सरळ करण्याची संधी उरत नाही. शिवाय ती मऊ होऊन ताणली जाते आणि पुढे आकसून टोकांकडून सुटू लागते. म्हणून हे काम सकाळी, सावलीत आणि धूळ उडत नसताना करावे.

पूर्वतयारी : गाडी साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करावी. पॉलिशचा थर राहिल्यास पट्टी धरत नाही; त्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोलने ती जागा पुसावी. थिनर वापरू नये, त्याने रंग उतरतो. जुनी गाडी पुन्हा रंगविलेली असेल, तर आधी आडजागी मास्किंग टेप लावून काढून पाहावी. टेपबरोबर रंगाचे पोपडे निघाल्यास पट्टीचा नाद सोडणेच हिताचे.

आखणी : पत्र्याच्या नैसर्गिक घडीपासून समान अंतर मोजून दर फुटावर खूण करावी आणि त्या खुणांवरून मास्किंग टेप लावावी. मग दहा पावले मागे जाऊन पाहावे. जवळून सरळ वाटणारी रेघ दुरून वाकडी दिसू शकते. दुसऱ्या बाजूसाठीही हीच मापे वापरावीत.

चिकटविणे : मागचा कागद एका वेळी वीतभरच सोलावा. पट्टी न ताणता, दारांच्या फटींवरून सलग न्यावी. सरळ बसल्याची खात्री झाल्यावरच मऊ कापडाने दाबावी. वर पारदर्शक आवरण असल्यास ते मागे दुमडत हळूहळू काढावे. शेवटी दारे उघडून फटींत लोंबणारी पट्टी कात्रीने कापावी व टोके आत दुमडावीत. रंगावर ब्लेड चालवू नये. फुगा राहिल्यास बारीक सुईने टोचून हवा काढावी. पुढील दोन दिवस गाडी धुऊ नये.

नियम : बारीक रेघेने गाडीचा मूळ रंग बदलत नाही. संपूर्ण रंगच पालटायचा असल्यास मात्र परिवहन कार्यालयात नोंद करावी लागते. दिवे, परावर्तक व क्रमांकाची पाटी झाकू नये. काचांवर काळी फिल्म लावण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मनाई केली असल्याने सजावट पत्र्यापुरतीच ठेवणे श्रेयस्कर.

पट्टी काढताना हेअर ड्रायरने कोमट करून, पत्र्यालगत मागे दुमडत सावकाश ओढावी. घाईने ओढल्यास पट्टीसोबत रंगही निघण्याची भीती असते.