आईच्या आईची आई : सुरतेची एलिझा



सुगी आटोपली की आपल्या सोलापूर भागात हेळवी येतो आणि घराण्याची वंशावळ वाचून दाखवतो. पंढरपुरातल्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांतही आजा, पणजा, खापरपणजा सापडतो. पण आईची आई, तिची आई, तिचं माहेर कुठलं, हे त्या वह्यांत शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही. लेक माहेरच्या पानावरून उतरते आणि सासरच्या पानावर कुणाची तरी बायको म्हणून चढते.

आज अशाच पानावरून उतरलेल्या एका बाईचा इतिहास सांगतो. तिचं नाव एलिझा केवर्क. राहणार सुरत. शिवाजी महाराजांनी १६६४ साली लुटली तीच सुरत. तिथं इंग्रज, डच, पारशी यांच्याबरोबर अर्मेनियन व्यापारीही वस्तीला होते. अर्मेनिया हा तुर्कस्तान-इराणच्या शेजारचा देश. एलिझाचं आडनाव त्या लोकांमधलं.

१८०९ साली स्कॉटलंडहून थिओडोर फोर्ब्स नावाचा तरुण ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत सुरतेला आला. एलिझा आणि तो एकत्र राहू लागले. १८१२ साली त्यांना कॅथरीन झाली, मग अलेक्झांडर. पुढे फोर्ब्स मुंबईला व्यापारात गेला. एलिझा मागं सुरतेतच राहिली. आम्हालाही मुंबईला येऊ द्या, अशी विनवणी करणारी पत्रं ती त्याला पाठवत राहिली. ती पत्रं आज स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन विद्यापीठात जपून ठेवली आहेत, आणि काहींवर अर्मेनियन लिपीतली अक्षरं आहेत. बोलावणं काही आलं नाही. उलट कॅथरीन सहा वर्षांची झाली तेव्हा तिला बापाच्या मुलखात धाडून दिलं. सुएझचा कालवा तेव्हा नव्हता, आफ्रिकेला वळसा घालून जहाज जायला महिनेच्या महिने लागत. आईला लेक पुन्हा भेटण्याची आशाच नको. १८२० साली मायदेशी जाताना फोर्ब्स जहाजावरच वारला. त्याच्या मृत्युपत्रात एलिझाची नोंद आहे ती घर सांभाळणारी बाई म्हणून. दोन लेकरांच्या आईला हा शब्द! आम्हाला तो वाचून राग आला, तुम्हालाही येईल.

कॅथरीन स्कॉटलंडमध्येच वाढली आणि क्रॉम्बी घराण्यात दिली गेली. हे लोकरीच्या कापडाच्या गिरणीवाले. गिरणी म्हटली की आपल्या सोलापूरकरणींचे कान टवकारतातच. कॅथरीनची लेक जेन, जेनची लेक रूथ, तिची लेकही रूथच, तिची फ्रान्सिस, आणि फ्रान्सिसची लेक डायना. तीच, इंग्लंडच्या राजघराण्यात सून म्हणून गेलेली. तिचा थोरला मुलगा विल्यम आज तिथला युवराज आहे. घरात मात्र पिढ्यान् पिढ्या एवढंच सांगितलं जायचं की आपली मूळ आजी अर्मेनियन होती.

२०१३ साली डायनाच्या आईकडच्या दोन नातेवाइकांच्या लाळेची तपासणी झाली. एडिंबरा विद्यापीठाचे जिम विल्सन यांनी एका चाचणी कंपनीतर्फे ती केली. लाळेतून कसं कळतं? आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनए असतो. बहुतेक डीएनए निम्मा आईचा, निम्मा बापाचा. पण पेशीला ऊर्जा देणारे जे बारीक भाग असतात, त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात, त्यांच्यातला डीएनए फक्त आईकडून येतो. विरजणासारखंच समजा. आईकडचं विरजण लेकीनं नेलं, तिच्याकडून नातीनं नेलं. मुलालाही वाटीभर मिळतं, पण त्याच्याकडून पुढं कुणाला जात नाही. हजारो वर्षांत त्यात एखादा बारीक फरक पडतो, आणि त्या फरकांवरून कुठलं विरजण कुठल्या मुलखातलं ते ताडता येतं.

या नातेवाइकांत जो प्रकार निघाला त्याचं नाव आर ३० बी. तो फार थोड्या लोकांत सापडलेला, आणि ते जवळजवळ सगळे भारतातले. म्हणजे एलिझाचा बाप अर्मेनियन असला तरी आईकडून ती इथलीच होती.

इथं एक सावधगिरी. सात पिढ्या मागं गेलं की प्रत्येकाचे त्या पिढीत १२८ पूर्वज होतात. एलिझा त्यांतली एक. ही चाचणी त्या एकाच धाग्याचं बोलते, उरलेल्या १२७ जणांबद्दल ती मुकी. तिच्यातून जात कळत नाही, गाव कळत नाही, नावही कळत नाही. एलिझाचं नाव कळलं ते जपलेल्या पत्रांमुळं. पत्रं नसती तर नुसत्या लाळेनं एवढंच म्हटलं असतं, की मागं कुणीतरी भारतातली बाई होती. म्हणून आम्हाला त्या पत्रांचं मोल यंत्रापेक्षा जास्त वाटतं. पैसे भरून अशी चाचणी करून घेण्याच्या जाहिराती आता आपल्याकडंही दिसतात. कुणी घरी आलं तर आधी विचारा, नेमक्या कुठल्या धाग्याचं सांगणार?

विल्यमकडं एलिझाचं विरजण आहे, पण त्याच्या मुलांना ते त्यांच्या आईकडचं मिळालं. डायनाला मात्र बहिणी होत्या, आणि त्यांना लेकी आहेत.