व्हीआर हेडसेट लावला तर पेनकिलर लागत नाही का?

दोन वर्षांपूर्वी बाईकच्या सायलेन्सरला लागून माझी पोटरी भाजली होती. ड्रेसिंगच्या वेळी मी मोबाईलवर गेम लावायचो. पण जखमेला चिकटलेली पट्टी ओढली की गेम गेला उडत! म्हणूनच ‘व्हीआर लावा, गोळ्या विसरा’ असं कुणी म्हटलं की मी आधी थांबतो.

स्नोवर्ल्ड काय आहे?

भाजलेल्या रुग्णांसाठी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी बनवलेला हा व्हीआर गेम. रुग्ण बर्फाच्या दरीतून जातो, पेंग्विन आणि स्नोमॅनवर बर्फाचे गोळे फेकतो. तेवढ्यात नर्स जखम साफ करते.

हे काम कसं करतं?

वेदना जाणवायलाही मेंदूचं लक्ष लागतं आणि ते मर्यादित असतं. मोबाईलच्या स्क्रीनबाहेर मला जखम, ट्रे, चिमटा सगळं दिसत होतं. हेडसेटमध्ये ते दिसतच नाही. मॉर्फिनसारख्या औषधांचा रस्ता वेगळा आहे. ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या रिसेप्टर्सना चिकटून वेदनेचा संदेशच मंद करतात.

मग दोन्ही एकत्र केलं तर?

हॉफमन यांच्या टीमने २००७ मध्ये याच प्रश्नावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. ९ निरोगी स्वयंसेवकांना सोसवेल इतका चटका देऊन त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. मॉर्फिनच्या गटातल्या औषधाने वेदना कमी झाली, व्हीआरनेही झाली. पण नुसत्या औषधापेक्षा औषध आणि व्हीआर मिळून जास्त आराम पडला. प्रयोग छोटा होता, पण मुद्दा स्पष्ट आहे: व्हीआर हा औषधाचा जोडीदार आहे, बदली खेळाडू नाही.

हे लक्षात ठेवा

- हेडसेट काढला की लक्ष परत जखमेकडे येतं, औषधाचा असर मात्र पुढेही टिकतो. म्हणून डोस स्वतःहून कमी करू नका.
- व्हीआरने काहींना मळमळतं आणि अशा औषधांनीही मळमळू शकतं. त्रास झाला तर लगेच सांगा.
- फिट येत असेल, किंवा चेहऱ्या-डोक्याला जखम असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हेडसेट नको.

घरात कुणाचं ड्रेसिंग चालू असेल आणि हेडसेट हाताशी असेल, तर डॉक्टरांना एवढंच विचारा: “औषधासोबत हे वापरू का?” ‘औषधाऐवजी’ हा शब्द मात्र नको.